हात धुऊन

मुंढव्याच्या पुढे, पुलाखालून डावीकडे,
पत्र्याच्या शेडमध्ये बासष्ट कुत्री एकदम भुंकली
आणि एक भुंकली नाही.
पाण्याच्या निळ्या पिंपामागे
घडी घालून ठेवल्यासारखी बसली होती,
कान आत, शेपूट आत,
श्वाससुद्धा जमेल तेवढा आत.

हीच द्या, मी म्हटलं.
झुबेर म्हणाला, मॅडम, ही दोनदा परत आलीय.
लोकांना खेळणारं कुत्रं हवं असतं.
ही चावत नाही, मागत नाही, काहीच करत नाही.
मी म्हटलं, मीही साधारण तशीच.
तो हसला नाही. फॉर्म पुढे सरकवला.

नाव : वत्सला कुंजीर.
व्यवसाय : रक्त घेणे.
तिथे त्याची नजर अडली, म्हणून पुढे लिहिलं, लॅबमध्ये.
घरातील एकूण माणसे :
हा रकाना मी नेहमी शेवटी भरते.

रिक्षावाला म्हणाला, कुत्रं असेल तर मीटरवर पन्नास.
मी म्हटलं, पाच किलोची आहे,
तुमच्या स्टेपनीपेक्षा हलकी.
दत्तवाडीपर्यंत ती टोपलीत थरथरत राहिली
आणि टोपली माझ्या मांडीवर,
त्यामुळे नक्की कोण थरथरतंय
ते स्वारगेटच्या सिग्नलला कुणी विचारलं असतं
तर सांगता आलं नसतं.

पहिले अकरा दिवस शिवणमशीनखाली.
पायडलच्या लोखंडी जाळीमागे दोन डोळे.
वाटी रात्री भरलेली, सकाळी रिकामी,
मधलं काही मला दिसलं नाही.
नाव ठेवलं मोहरी.
वरच्या मजल्यावरचे खळदकर म्हणाले,
मोहरी, आणि तडतडत कशी नाही?
आमच्याकडे याला चौकशी म्हणतात.

मग कळलं. हात.
सव्वीस वर्षांचं स्पिरिट
नखांच्या कडेला, रेषांमध्ये, बांगडीच्या आतल्या अंगाला.
मी जवळ गेले की तिला सुईच येताना दिसायची.
लिंबानं धुतले, बेसनानं धुतले,
गरज नसताना जुडीभर कोथिंबीर चिरली.
झुबेरला फोन लावला.
तो म्हणाला, मॅडम, असं हात धुऊन मागे लागू नका.
त्याला बिचाऱ्याला काय माहीत,
तेव्हाही नळ चालूच होता.

खरं तर मला हे येतं.
सकाळी साडेसहाला उपाशीपोटी येणाऱ्या
म्हाताऱ्यांच्या शिरा अशाच दडून बसतात.
शोधायला गेलं की सरकतात.
अशा वेळी बोट नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही,
आणि भलतंच काहीतरी बोलायचं,
सूनबाई कुठल्या, मंडईत पेरू कसे लावले.
शीर आपणहून वर येते.

तर मी मशीनकडे पाठ करून बसले,
फरशीवर, पाय लांब, पुढ्यात मटार.
पेरूंचं बोलले. लॅबच्या नव्या डॉक्टरचं बोलले,
जो सगळ्यांना बेटा म्हणतो, मलासुद्धा.
मग एका संध्याकाळी ते बोलले
जे बहिणीलाही सांगितलेलं नाही.
इथेही लिहीत नाही. तिला माहीत आहे.

विसावा दिवस असेल, किंवा एकविसावा.
मनगटाला काहीतरी ओलं लागलं.
मी वळले नाही. शेंग अर्धी उघडी, बोटांत तशीच.
मी रोज दुसऱ्यांची नाडी चाचपते
नेमकं तिथंच नाक टेकलेलं,
आणि तिथं ते थांबलं, बराच वेळ,
मोजल्यासारखं.
काय आकडा आला, कळवलं नाही.

परत गेली मशीनखाली.
अजूनही जाते, कुकरची शिट्टी झाली की,
खळदकर शिंकले की.
त्या दिवशी एक दाणा घरंगळत तिच्यामागे गेला होता.
सकाळी झाडताना सापडला,
अर्धा चावलेला,
नापसंत.